गव्हाणीतलं बाळ आणि आपलं दार

डिसेंबर निम्मा झाला की आमच्या गुलमंडीचा रंग बदलतो. दिवाळीचे आकाशकंदील माळ्यावर गेलेले असतात, संक्रांतीच्या वाणाचं सामान अजून यायचं असतं, आणि मधल्या दिवसांत लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या, चमचमत्या चांदण्या आणि प्लॅस्टिकची झाडं दुकानांपुढे येऊन बसतात. शाळेतून चिठ्ठी येते, "उद्या मुलांना लाल कपडे घालून पाठवा." मग आयांची धावपळ सुरू! पैठण गेटपासून औरंगपुऱ्यापर्यंत लाल फ्रॉक शोधायचा, बेकरीत केक सांगून ठेवायचा, लेकराला सँटा करून फोटो काढायचा आणि तो व्हॉट्सअॅपवर टाकायचा. झाला नाताळ साजरा.

यात वाईट काहीच नाही. लेकरांना आनंद होतो, दुकानदाराचे चार पैसे सुटतात. पण मैत्रिणींनो, मला दरवर्षी एक प्रश्न पडतो. सण आपण घरात आणला, पण ज्यांचा तो सण आहे त्यांना आपण कधी घरात बोलावलं का? किंवा त्यांच्या घरी आपण कधी गेलो का? दिवाळीचा फराळ शेजारी जातो, ईदचा शीरखुर्मा आपल्याकडे येतो. या जुन्या शहराची ती रीतच आहे. मग नाताळच्या दिवशीच आपल्याला कोणाचं दार का आठवत नाही?

याचं कारण उघड आहे. नाताळ म्हणजे गोऱ्या लोकांचा, इंग्रजी बोलणाऱ्यांचा, सिनेमातला सण, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. बचत गटाच्या कामामुळे माझं छावणीकडे जाणं-येणं असतं. तिथल्या गटांत ख्रिस्ती बायका आहेत. कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी दवाखान्यात मावशी, तर कोणी घरी मशीन टाकून ब्लाऊज शिवणारी. त्यांना बाहेर हमखास विचारलं जातं, "अय्या, तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं बोलता?" त्या हसून सोडून देतात. एकदा त्यांतली एक मला म्हणाली, "ताई, माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत दळायची. आता मी मराठी कुठून शिकले, ते काय सांगू?"

खरंच आहे तिचं. मराठवाड्यातला ख्रिस्ती समाज काल-परवा आलेला नाही. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राजवटीत, जन्माने पारशी असलेले रतनजी नवरोजी हे पाद्री औरंगाबादेत राहून काम करीत होते. जालन्याला नारायण शेषाद्री या ब्राह्मण कुटुंबातून आलेल्या धर्मोपदेशकांनी शहराजवळ बेथेल नावाची वस्ती उभी केली. कॅथलिक मिशनऱ्यांचं या भागातलं जुनं ठाणं म्हणजे घोगरगाव. छावणीतलं क्राइस्ट चर्च आज उत्तर भारतीय चर्चमध्ये मोडतं. हे चर्च १९७० मध्ये नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन स्थापन झालं. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये झाला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या आधीपासून ही माणसं इथल्याच मातीत राबत आली आहेत, इथल्याच दुष्काळात होरपळत आली आहेत.

"पण त्यांना आमिष दाखवून बाटवलं ना?" असं कोणीतरी म्हणतंच. मी त्यावर एवढंच विचारते, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, शाळेत बसू दिलं जात नव्हतं, त्यांना कोणी जवळ बसवलं आणि पाटी हातात दिली, तर ते तिकडे वळले यात नवल काय? काहीजण दुष्काळात भाकरीसाठी गेले असतील, काहीजण मनापासून गेले असतील. आज त्यांची चौथी-पाचवी पिढी श्रद्धेने प्रार्थना करते. त्या नातवंडांना पणजोबांचा हिशेब विचारणारे आपण कोण? आणि धर्म बदलून त्यांची सगळी दुःखं संपली असंही झालं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाही. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्त्यांची जात गावाने लक्षात ठेवली, कागदाने पुसली.

मराठी भाषेवर तर या समाजाचं मोठं ऋण आहे. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्याचा अर्थ जन्माचा दिवस. आपण तो इतका आपलासा केला की तो परका वाटतच नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि चर्चमध्ये भजन-कीर्तन आणलं. साहेबी चालींच्या जागी टाळ आणि पेटी आली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई! शाळेचं तोंड न पाहिलेली, सोवळं-ओवळं काटेकोर पाळणारी ही बाई हळूहळू बदलत गेली आणि 'स्मृतिचित्रे' लिहून मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांपैकी एक आपल्याला देऊन गेली. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही तिनेच पूर्ण केलं. केडगावला अनाथ, विधवा, दुष्काळात टाकून दिलेल्या मुलींना पोटाशी धरणाऱ्या पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबल मराठीत आणलं. अगदी अलीकडचं सांगायचं तर २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांची निवड झाली तेव्हा "धर्मगुरू कशाला?" असा सूर निघालाच होता. 'सुबोध बायबल' लिहिणारे, पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरणारे हे फादर २०२४ मध्ये गेले. आपल्यापैकी किती जणींनी त्यांचं एखादं पुस्तक हातात धरलंय?

आता थोडं चर्चमधल्या आयुष्याबद्दल सांगते, कारण आपल्याला चर्च म्हटलं की फक्त उंच मनोरा आणि घंटा दिसते. कॅथलिक मंडळी आपल्या चर्चच्या परिसराला 'धर्मग्राम' म्हणतात. किती छान शब्द आहे! चर्च म्हणजे एक गावच. तिथे लग्न, बारसं, मयत, भांडणतंटा, मुलांचे अभ्यास, आजाऱ्यांची विचारपूस, सगळं एकमेकांच्या सोबतीने चालतं. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे 'आगमनकाळ'. दर रविवारी एकेक करून चार मेणबत्त्या लावतात. आपल्याकडे घटस्थापनेपासून जशी मनाची तयारी सुरू होते, तसंच. प्रॉटेस्टंट मंडळींच्या शब्बाथशाळेत मुलांची नाटुकली बसवतात. मेंढपाळ झालेल्या पोराच्या खांद्यावर आजोबांची खरीखुरी घोंगडी असते आणि देवदूत झालेल्या पोरीचे पुठ्ठ्याचे पंख आईने रात्री जागून चिकटवलेले असतात. तरुण पोरं ढोलकी, पेटी घेऊन थंडीत घरोघर नाताळगीतं गात फिरतात. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, त्या घरी थोडा जास्त वेळ थांबतात.

घराघरांत काय चाललेलं असतं? अहो, तेच जे आपल्याकडे दिवाळीत चालतं! करंज्या, शंकरपाळे, चिवडा, लाडू. नानकटाईचं पीठ मळून भट्टीवरून भाजून आणायचं. केक असतो, पण ताटात करंजीचा मान मोठा. एकीच्या घरी पाच-सहा जणी जमतात, एक लाटते, एक भरते, एक कातते, आणि तोंडं अखंड चालू! त्या गप्पांत सासू, सून, महागाई, पोरांच्या नोकऱ्या, सगळं आपलंच.

आणि चर्चमधली कामंसुद्धा कोणाच्या जिवावर चालतात? बायकांच्याच! झाडलोट, वेदीवरची फुलं, कापडं धुणं-इस्त्री, गायनमंडळ, आजाऱ्याच्या घरी डबा, महिला मंडळाची वर्गणी. पण कमिटीच्या बैठकीत खुर्च्या पुरुषांनाच जास्त, हे माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीच बोलून दाखवतात. दक्षिण भारतातल्या चर्चमध्ये २०१३ मध्ये ई. पुष्पा ललिता नंद्याळच्या बिशप झाल्या. उत्तर भारतीय चर्चमध्येही स्त्रिया पाळक होऊ शकतात. कॅथलिक चर्चमध्ये मात्र अजून स्त्रीला धर्मगुरू होता येत नाही. आपल्याही देवळांच्या विश्वस्त मंडळांत डोकावून पाहा, भजनी मंडळ बायकांचं आणि सही पुरुषाची! त्यामुळे बोट दाखवायला आपल्याला जागा नाही. दोघींचं दुखणं एकच आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. नाताळ म्हणजे नेमकं काय? येशूचा जन्म २५ डिसेंबरला झाला असं बायबलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. ती तारीख पुढे, चौथ्या शतकात रोममध्ये रूढ झाली. तारखेपेक्षा गोष्ट महत्त्वाची. लूकच्या शुभवर्तमानात ती अगदी थोडक्यात येते. रोमन सम्राटाचा हुकूम निघाला, शिरगणती होणार, ज्याने त्याने आपल्या मूळ गावी नाव नोंदवायचं. नासरेथचा सुतार योसेफ आपल्या दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. शंभर किलोमीटरहून जास्त वाट, म्हणजे साधारण इथून अहिल्यानगरपर्यंत. नऊ महिन्यांची पोटुशी बाई आणि एवढा प्रवास! पोचल्यावर उतारशाळेत जागा नाही. तिथेच तिला कळा आल्या. बाळ झालं, ते तिने बाळंत्यात गुंडाळलं आणि गुरांच्या गव्हाणीत ठेवलं.

आणि ही बातमी पहिल्यांदा कोणाला कळली? राजाला नाही, पुरोहितालाही नाही. रात्री उघड्यावर मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना! आपल्याकडे हिवाळ्यात शेतात मेंढरं बसवलेली असतात, शेकोटी पेटवून धनगर कुटुंबं रात्र काढतात, ते डोळ्यांपुढे आणा. पुढे मत्तयच्या शुभवर्तमानात हे बाळ घेऊन आई-बापांना राजाच्या भीतीने रातोरात परमुलखात, मिसर देशात पळावं लागतं. कुराणातही या माउलीच्या नावाचा, मरियमच्या नावाचा, एक अख्खा अध्याय आहे. इतक्या लोकांना ही आई आपली वाटते, ती उगीच नाही.

या सगळ्या गोष्टीत मला अडतो तो एक शब्द, गव्हाण. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांना हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक गोठ्यातली गव्हाण आणि दुसरी साखर कारखान्याची. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे पेपरात फोटो येतो, 'गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ'. ती मोळी कोणी तोडलेली असते? बीड, जालना आणि आपल्या जिल्ह्यातल्याही कोरडवाहू गावांतून बैलगाडी, ट्रॅक्टर भरून गेलेल्या नवरा-बायकोंनी. दोघं मिळून एक 'कोयता'. आधी घेतलेली उचल फेडायची, पहाटे अंधारात फडात उतरायचं, रात्री कोपीत येऊन चुलीला लागायचं. खाडा झाला की पैसे कापले. त्यात बाई गरोदर असली तर? नाताळच्या या कडाक्याच्या थंडीत, ऐन हंगामात, कित्येक बाया उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या कोपीत बाळंत होतात. बाळ बाळंत्यात गुंडाळून झोळीत, नाहीतर गाडीखालच्या सावलीत ठेवतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मोळ्या उचलतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न राज्यभर गाजला, चौकशीसाठी समितीही नेमली गेली. पाळी आली, अंग दुखलं म्हणून खाडा नको, यासाठी गर्भाशयच काढून टाकणारी बाई आपल्याच भागात राहते.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या बेथलेहेमची गोष्ट मला म्हणून लांबची वाटतच नाही. हुकूम वरून येतो, चालावं गरिबाला लागतं, आणि बाळंतिणीला जागा मिळत नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की देव आला तो अशाच घरात आला, जागा नसलेल्यांच्या घरात. तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, देव मानत असा वा नसा, या म्हणण्यातला अर्थ कोणत्याही आईला कळेल.

हाच अर्थ लोकांना कळावा म्हणून असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्यो गावी खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडून नाताळ साजरा केला. आज चर्चमध्ये आणि घराघरांत जो गोठ्याचा देखावा करतात, त्याची परंपरा तिथपर्यंत जाते. सोन्याचांदीचा डामडौल त्यात नव्हता. गरिबाचा गोठा जसा असतो तसा तो होता.

आणि आपल्या लाडक्या सँटाचं काय? तोही मुळात खेळण्यांचा व्यापारी नव्हे! आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे चौथ्या शतकातले बिशप निकोलस, त्यांच्यावरून हा सँटा आला. त्यांची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका ठाऊक आहे? एका गरीब बापाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नाही, म्हणून लग्नं होईनात, आणि मुलींना बाजारात बसवण्याची पाळी आली. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या आणि मुली वाचल्या. नाव नाही, फोटो नाही, सत्कार नाही. हुंड्यापायी मुली जीव देतात त्या मराठवाड्यात ही गोष्ट लाल टोपीबरोबर मुलांना सांगायला नको का? नाहीतर आपण फक्त टोपीच घेतली आणि डोकं बाजूला ठेवलं, असं होईल.

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही. जागा द्यायची, एवढंच.

ही जागा अगदी साध्या ठिकाणी लागते. आपल्या शहरात नर्सिंग शिकायला, नोकरीला बाहेरगावच्या मुली येतात, खोल्या शोधतात. "गाव कोणतं?" याच्या आधी "आडनाव काय?" विचारलं जातं. आडनावावरून कळलं नाही तर "तुम्ही कोणत्या?" आणि उत्तर ऐकून खोली अचानक "कालच दिली" होते. बेथलेहेमच्या उतारशाळेत दुसरं काय झालं होतं? ख्रिस्ती मुलीच्याच नाही, मुसलमान, दलित, एकट्या राहणाऱ्या, घटस्फोटित, कितीतरी जणींच्या वाट्याला हेच येतं. तीच नर्स रात्री दवाखान्यात आपल्या सासूबाईंचं अंग पुसते तेव्हा तिचा धर्म आपल्याला आठवत नाही. खोली द्यायच्या वेळीच कसा आठवतो?

ज्यांची स्वतःची खोली भाड्याने द्यायची आहे, त्यांनी यंदा आडनाव न विचारता ती द्यावी. ज्यांच्या ओळखीत ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांनी २५ तारखेला डबा घेऊन त्यांच्याकडे जावं. रिकामा डबा कोणी परत देत नाही, करंज्या भरूनच येईल! मुलांना चर्चमधला गोठा दाखवावा. फादरांना किंवा पाळकसाहेबांना आधी विचारलं तर ते आनंदाने दाखवतात. शाळेतल्या बाईंनी लाल कपड्यांच्या चिठ्ठीसोबत गव्हाणीची गोष्टही सांगावी. आणि माझ्या ख्रिस्ती भगिनींनाही हात जोडून एक सांगणं आहे. तुमच्या महिला मंडळाच्या नाताळच्या यादीत फडावरच्या बाळंतिणीसाठी एक दुपटं, एक स्वेटर, थोडा डिंक-खोबरं असू द्या. आमचे बचत गट सोबत येतील. कोणाचा धर्म कोणता, हे त्या लेकराला दुपट्यात गुंडाळताना विचारायची गरज पडणार नाही.

सण येतात आणि जातात, चांदण्यांचे दिवे काढून पुन्हा खोक्यात जातात. पण गव्हाणीतल्या त्या बाळाने विचारलेला प्रश्न काही खोक्यात जात नाही. तुमच्या घरात जागा आहे का? उत्तर प्रत्येकीने आपल्या दारात उभं राहून द्यायचं आहे. माझ्या सगळ्या मैत्रिणींना नाताळच्या मनापासून शुभेच्छा!